शांतिसेना आणि संसदेची संमती

आपल्या वेशीवर फौज येऊन उभी राहणे म्हणजे काय, हे जिंतूर, परभणी, हिंगोली या मुलखातील माणसांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याच्या तुकड्या निजामाच्या हद्दीत शिरल्या, तेव्हा हैदराबादचे शिष्टमंडळ संयुक्त राष्ट्रसंघाचे दार ठोठावीत होते. १६ सप्टेंबरला पॅरिस येथे सुरक्षा परिषदेने हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करल्याने त्यात जीव उरला नाही. समजा, ही कारवाई चार-पाच दिवसांऐवजी चार-पाच महिने रेंगाळली असती आणि ‘शांतता राखण्यासाठी’ तिसऱ्याच एखाद्या देशाची पलटण परभणीच्या स्टेशनावर उतरविण्याचे परिषदेने ठरविले असते, तर रझाकारांच्या जाचातून सुटू पाहणाऱ्या येथील शेतकऱ्याने तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असते? निजामाच्या सत्तेचे रक्षण करावयास आलेली फौज, याहून वेगळा अर्थ त्याने तिचा लावला असता असे वाटत नाही. त्या पलटणीचा हेतू कितीही शुद्ध असता तरी त्याला काय त्याचे!

याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे आणि ती मराठवाड्यात फार काळ दबक्या आवाजात बोलली गेली. फौज आली, रझाकारांचा जुलूम संपला, हे निर्विवाद. परंतु त्यानंतरच्या काही आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत आणि इतरत्रही मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, त्याची चौकशी करण्यासाठी खुद्द केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांना पाठविले. त्यांच्या पथकाने मृतांची संख्या किमान २७ ते ४० हजार असावी असा अंदाज केला आणि काही ठिकाणी गणवेशधाऱ्यांचेही हात त्यात बरबटल्याचे नमूद केले. हा अहवाल अनेक दशके दडवून ठेवण्यात आला होता. आपल्याच देशाची, आपल्याच लोकांनी स्वागत केलेली फौज आली तेव्हाही फौज येणे आणि शांतता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी ठरल्या. मग हजारो मैलांवरच्या, भाषा न कळणाऱ्या मुलखात परकी पलटण उतरते तेव्हा या दोहोंतील अंतर किती वाढत असेल, याचा अंदाज मराठवाड्यातील वाचकाला सहज करता यावा.

हे सारे आठवण्याचे कारण गाझा पट्टी हे आहे. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने तेथे एक ‘आंतरराष्ट्रीय स्थैर्य दल’ उभारण्यास मान्यता दिली. तेरा सदस्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. रशिया व चीन तटस्थ राहिले. या दलावर राष्ट्रसंघाचे शिक्कामोर्तब असले तरी ते राष्ट्रसंघाच्या सेनापतीच्या हुकमतीखालील नेहमीचे निळ्या शिरस्त्राणांचे दल नव्हे. अमेरिकेच्या पुढाकाराने आखलेल्या योजनेतून ते निघाले आहे आणि त्याच्यावर सोपविलेल्या कामांत गाझाचे निःशस्त्रीकरण हे काम स्पष्ट शब्दांत घातलेले आहे. असे दल उभे करावयाचे म्हणजे जवान कोणीतरी द्यावयास हवेत. जगात शांतिसेनेला सातत्याने माणसे पुरविणाऱ्या देशांची नावे मोजण्यास एका हाताची बोटे फारशी अपुरी पडत नाहीत आणि भारताचे नाव त्यांत नेहमी असते. तेव्हा अशा दलात भारताने जावे काय, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

गाझा भारतीय जवानाला अपरिचित नाही. सुएझच्या संघर्षानंतर १९५६ साली राष्ट्रसंघाचे पहिले मोठे शांतिदल तेथे गेले, तेव्हा भारताची पलटण त्यात होती आणि ती सुमारे साडेदहा वर्षे तेथे राहिली. त्या दलाचे काम साधे होते: इजिप्त आणि इस्राएल यांच्या मधे उभे राहणे. कोणाचे हत्यार काढून घ्यावयाचे नव्हते, कोणाला सत्तेवर बसवावयाचे नव्हते. इजिप्तने संमती दिली म्हणून ते तेथे होते. इस्राएलने मात्र आपल्या बाजूला त्याला कधीच पाय ठेवू दिला नाही. मे १९६७ मध्ये नासर यांनी ती संमती मागे घेताच सरचिटणीस ऊ थांट यांनी दल हलविण्याचा हुकूम दिला. निघण्याची आवराआवर चालू असतानाच ५ जूनला युद्ध भडकले आणि इस्राएली माऱ्यात सापडून भारतीय जवान मृत्युमुखी पडले. संमतीच्या आधारावर उभी असलेली शांतिसेना संमती संपताच किती उघडी पडते, याचा हा धडा होता. तरीही, संमती होती तोवर दहा वर्षे ती सीमा बव्हंशी शांत राहिली, हेही त्याच धड्यात लिहिलेले आहे.

याच्याही आधीचे उदाहरण कोरियाचे. १९५० साली भारताने आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावांना पाठिंबा दिला, परंतु लढणारी पलटण पाठविली नाही. पाठविले ते साठावे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स, म्हणजे डॉक्टर आणि परिचारक. (सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या पथकातून १९३८ साली चीनला गेले, ते पथक धाडणाऱ्या नेतृत्वाला हा मार्ग सुचावा यात नवल नव्हते.) लढाई थांबल्यानंतर मात्र भारताने मोठी जोखीम पत्करली. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या सुमारे तेवीस हजार युद्धकैद्यांचा सांभाळ करण्यासाठी १९५३ साली भारतीय दल गेले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, तर दलाचे सेनापती होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा राग एवढा, की आपल्या भूमीवर भारतीय जवानाचे पाऊलही पडू देणार नाही अशी त्यांची भाषा होती. त्यामुळे हे दल बंदरातून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. कैद्यांनी एका भारतीय मेजरला कोंडून घातले, तेव्हा थोरात स्वतः तारेच्या कुंपणाआड गेले आणि बोलाचालीतून त्याची सुटका करून बाहेर आले. गोळीबाराचे प्रसंग मुळीच आले नाहीत असे नाही. परंतु कैद्यांवर बळजबरी करून त्यांना एका किंवा दुसऱ्या बाजूच्या हवाली करावयाचे नाही, ही मर्यादा भारताने दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊनही सोडली नाही. कोणत्याच देशात परत जावयाचे नाही असे ठरविलेले अठ्ठ्याऐंशी कैदी अखेरीस या दलाबरोबर भारतात आले. काम नेमके होते, मुदत ठरलेली होती, मुदत संपताच दल परतले.

काँगोत गणित बिघडू लागले. १९६० साली गेलेल्या दलाला प्रारंभी केवळ सुव्यवस्था राखण्याचे काम होते. फेब्रुवारी १९६१ मध्ये, यादवी रोखण्यासाठी शेवटचा उपाय म्हणून बळ वापरण्याची मुभा सुरक्षा परिषदेने दिली आणि कटांगाच्या फुटीर सत्तेशी शांतिसेनेची प्रत्यक्ष लढाई जुंपली. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले ते ५ डिसेंबर १९६१ च्या एलिझाबेथव्हिल येथील चकमकीसाठी. काँगो अखंड राहिला, हे त्या बलिदानाचे फळ मानले पाहिजे. पण ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे सैन्य नेफा आणि लडाखमध्ये घुसले तेव्हा भारताची एक अख्खी ब्रिगेड आफ्रिकेत अडकलेली होती. तेथे दिलेली कॅनबेरा विमाने तातडीने परत बोलवावी लागली. ब्रिगेड मात्र १९६३ उजाडल्यानंतरच परतू शकली. संसदेत चिनी आक्रमणावर रणधुमाळी चालू असताना ही ब्रिगेड तेथे किती काळ आणि कोणत्या अटीवर ठेवावयाची, याचा निर्णय सभागृहाच्या हाती नव्हता.

आणि मग श्रीलंका. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या आणि दुसऱ्याच दिवशी भारतीय शांतिसेना जाफन्यात उतरली. त्या कराराला आधी संसदेची मंजुरी घेण्याची आवश्यकता कोणाला वाटली नाही; राज्यघटनेनुसार तशी सक्तीही नव्हती. ज्या संघटनांची शस्त्रे गोळा करावयाची होती, त्यांना काही वर्षे भारताच्याच भूमीवर आश्रय आणि प्रशिक्षण मिळालेले होते. त्यांतील सर्वांत प्रबळ संघटना, तमिळ वाघांची, करारावर सही करणाऱ्यांत नव्हती. ५ ऑगस्टला काही शस्त्रे समारंभपूर्वक खाली ठेवली गेली. ऑक्टोबरमध्ये लढाई सुरू झाली. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरमधून उतरविलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस मारले गेले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागलेली असताना शत्रूशी झुंजत धारातीर्थी पडले; त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तैनाती चार डिव्हिजनांपर्यंत वाढली. अकराशेहून अधिक जवान कामी आले. ज्या तमिळ जनतेच्या संरक्षणासाठी सेना गेली होती, तीच तिला शत्रू मानू लागली. ज्या सरकारने बोलाविले, त्याच्या प्रेमदासा यांच्यासारख्या नव्या अध्यक्षांनी ती निघून जावी म्हणून मुदत घातली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रास बंदरावर उतरली, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री तिच्या स्वागताला गेले नाहीत. एवढ्यानेही पदरात पडावयाचे ते संपले नव्हते. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली.

या अपयशाची मीमांसा करताना गुप्तवार्ता कमी पडली, नकाशे जुने होते, सेनापतींत एकवाक्यता नव्हती, अशी कारणे सांगितली जातात. ती खरीही असतील. परंतु मूळ दोष त्याहून खोल होता. आपल्या मर्जीने शस्त्र खाली ठेवण्यास जो तयार नाही, त्याच्या हातातून ते काढून घेण्याचे काम शांतिसेनेला सांगितले की ती शांतिसेना राहत नाही. ती त्या लढाईतील एक पक्ष होते. गाझातील नव्या दलापुढे नेमके हेच काम ठेवलेले आहे. हमासने शस्त्रे ठेवली तर प्रश्नच नाही. न ठेवली तर ती काढून घेणाऱ्या जवानाकडे गाझातील पोरके झालेले मूल कोणत्या नजरेने पाहील? इस्राएलचे काम करावयास आलेला परका, याखेरीज दुसरी ओळख त्याला मिळणे कठीण. भारताने या दलात लढणारी पलटण देऊ नये. इस्पितळ द्यावे, अभियंते द्यावेत, धान्य व औषधे द्यावीत. यात भित्रेपणा शोधणाऱ्यांनी १९५० चा कोरिया आठवावा.

याचा अर्थ भारताने शांतिसेनेचे व्रतच सोडावे असा मुळीच नाही. १९५० पासून आजवर भारताने पन्नासच्या आसपास मोहिमांत अडीच लाखांहून अधिक जवान धाडले आणि दीडशेहून अधिक गमावले. सोमालियात १९९३-९४ साली गेलेल्या ब्रिगेडमध्ये महार रेजिमेंटची पाचवी पलटण होती. सिएरा लिओनमध्ये जुलै २००० मध्ये वेढ्यात सापडलेल्या दोनशेहून अधिक शांतिसैनिकांची भारतीय तुकड्यांनी लढून सुटका केली. लायबेरियात २००७ साली गेलेल्या भारतीय महिला पोलिसांच्या तुकडीने तेथील मुलींना पोलिसात जाण्याची वाट दाखविली, असे त्या देशाचेच राज्यकर्ते सांगत. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानमधील अकोबो येथे तळावर आश्रयाला आलेल्या नागरिकांचे रक्षण करताना भारतीय जवान मारले गेले. काँगोत भारतीय तुकडीतील काहींवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि लष्कराला चौकशी करावी लागली, ही लाजिरवाणी गोष्टही या जमाखर्चातून वगळता येणार नाही. तथापि एकंदर हिशेब अभिमानाचाच आहे.

त्या अभिमानाचा उपयोग मात्र दिल्लीत निराळ्याच कारणासाठी केला जातो. सुरक्षा परिषदेत कायमची जागा हवी, म्हणून शांतिसेनेतील आपला वाटा मोठा असावा, असे युक्तिवाद परराष्ट्र खात्याच्या भाषणांतून वारंवार डोकावतात. पाऊणशे वर्षे जवान दिले, जागा मिळाली नाही. दलाचा खर्च प्रामुख्याने श्रीमंत देश देतात आणि माणसे भारत, नेपाळ, बांगलादेश, रवांडा यांसारखे देश देतात. निर्णय मात्र परिषदेतील पाच कायम सदस्यांच्या मर्जीने होतो. सनदेच्या ४४ व्या कलमात असे म्हटले आहे, की परिषदेबाहेरच्या देशाकडे फौज मागावयाची असेल तर त्या फौजेच्या वापराविषयीच्या निर्णयात त्याला सहभागी करून घ्यावे. भारताचे प्रतिनिधी या कलमाकडे बोट दाखवून थकले. दर जवानामागे महिन्याला सुमारे चौदाशे डॉलर राष्ट्रसंघाकडून सरकारला मिळतात, तेही वेळेवर नव्हे. २०२५ साली पैशाअभावी शांतिसैनिकांची संख्या एक चतुर्थांशाने घटविण्याची पाळी आली, आणि लेबननमधील, जेथे भारतीय पलटण वर्षानुवर्षे राहिली, ते दल २०२६ च्या अखेरीस गुंडाळण्याचा ठराव परिषदेने त्याच वर्षी केला. हुकूम देणाऱ्यांनी साधने न देण्याचे सर्वांत भीषण उदाहरण बोस्नियाचे. तेथील दलाचे पहिले सेनापती मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते. वर्षभराने, मार्च १९९३ मध्ये ते परतले. त्याच वर्षी परिषदेने काही शहरे ‘सुरक्षित क्षेत्रे’ म्हणून जाहीर केली. त्यांच्या रक्षणासाठी चौतीस हजार सैनिक हवेत असा अंदाज होता. परिषदेने मंजूर केले साडेसात हजारांच्या आसपास. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिकात आठ हजारांच्या घरात पुरुष व मुले मारली गेली, तेव्हा निळ्या शिरस्त्राणांचे डच सैनिक तेथेच होते.

म्हणून प्रश्न ‘पाठवावी की पाठवू नये’ एवढाच नाही. कोणी ठरवावयाचे, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील केंद्रसूचीत राष्ट्रसंघ, परराष्ट्रांशी करार, युद्ध आणि शांतता हे सारे विषय आहेत. संसदेला त्यांवर कायदा करता येतो. तो तिने केलेला नाही. १९४७ चा संयुक्त राष्ट्रसंघ (सुरक्षा परिषद) कायदा आहे, परंतु तो सशस्त्र बळाचा वापर ज्यांत नाही अशाच उपायांपुरता. म्हणजे एखाद्या देशाशी व्यापार थांबवावयाचा तर त्याला कायद्याचा आधार आहे. जवान धाडावयाचे तर मंत्रिमंडळाचा निर्णय पुरेसा होतो. जर्मनीत १९९४ साली घटना न्यायालयाने असा निर्णय दिला, की परदेशात सशस्त्र दल धाडण्यापूर्वी लोकसभागृहाची संमती घेतलीच पाहिजे, आणि २००५ साली तसा कायदाही झाला. दलाचे काम, संख्या, मुदत, खर्च हे सारे त्या प्रस्तावात लिहावे लागते आणि मुदत संपली की पुन्हा मत घ्यावे लागते.

याला एक आक्षेप रास्त आहे. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवचे अध्यक्ष गयूम यांनी पहाटे मदत मागितली आणि त्याच रात्री भारतीय छत्रीधारी जवान तेथे उतरले. संसदेला विचारीत बसले असते तर बंड यशस्वी झाले असते. असा प्रसंग आला तर सरकारने आधी पाऊल उचलावे आणि ठराविक दिवसांत सभागृहाची मान्यता घ्यावी, अशी सोय जर्मन कायद्यातही आहे. पण मालदीवची मोहीम काही तासांची होती. श्रीलंकेची पावणेतीन वर्षे चालली. पावणेतीन वर्षांत सभागृहाला विचारण्यास एक दिवसही सापडू नये?

संसद बोलली तर काय होते, याचा दाखला आपल्याकडेच आहे. एप्रिल २००३ मध्ये मनोहर जोशी सभापती असताना लोकसभेने इराकवरील हल्ल्याची निंदा करणारा ठराव एकमताने संमत केला. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच अमेरिकेने उत्तर इराकसाठी एक डिव्हिजन मागितली. सरकारमध्ये अनुकूल मताचे वजनदार लोक होते, वर्तमानपत्रांतून ‘महासत्तेच्या बरोबरीने बसण्याची संधी’ अशी भाषा सुरू झाली होती. वाजपेयींनी विरोधी पक्षनेत्या सोनिया गांधी यांच्याशीही चर्चा केली आणि १४ जुलैला मंत्रिमंडळाच्या समितीने, राष्ट्रसंघाचा स्पष्ट आदेश नसल्यास भारतीय फौज जाणार नाही, असा निर्णय दिला. सभागृहाचा ठराव पाठीशी नसता तर वॉशिंग्टनला ‘नाही’ म्हणणे एवढे सोपे गेले नसते. इराकचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या वणव्यात भारताची पलटण नव्हती.

तेव्हा १९४७ च्या कायद्यात दुरुस्ती करून अथवा नवा कायदा करून, परदेशी जाणाऱ्या प्रत्येक सशस्त्र तुकडीसाठी दोन्ही सभागृहांचा ठराव आवश्यक करावा. त्यात काम, मुदत आणि परतीची अट लिहिलेली असावी. शस्त्रे काढून घेण्याचे काम असेल तर ते वेगळे सांगून त्यावर वेगळे मत घ्यावे. तांत्रिक मदतीला, डॉक्टरांना, निरीक्षकांना हा नियम लावण्याची गरज नाही. असे झाले तर जिंतूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातून फौजेत गेलेला मुलगा आफ्रिकेत किंवा पश्चिम आशियात जाईल, तेव्हा त्याच्या बापाला निदान परभणीच्या खासदाराकडे जाऊन विचारता येईल, की आपण या ठरावावर मत कोणत्या बाजूने दिले आणि का. आज असे विचारले तर खासदार प्रामाणिकपणे सांगू शकतो, की आपल्याला कोणी विचारलेच नव्हते.